पणजी : पाण्याकडून मिळालेले नगर

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात उगम पावलेली म्हादई नदी सह्याद्री उतरून गोव्यात येते आणि सुमारे ८० किलोमीटरांची वाट चालून मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. मुखाजवळ तिचे पात्र एवढे विस्तीर्ण होते की, परक्या माणसास नदी कोठे संपली आणि समुद्र कोठे सुरू झाला हे चटकन सांगता येऊ नये. याच ठिकाणी, नदीच्या दक्षिण तीरावर, गोव्याची राजधानी पणजी वसलेली आहे. समोर बेतीचा धक्का, त्याच्या पश्चिमेस रेइश मागुशचा किल्ला आणि त्याही पलीकडे आग्वादचे टोक दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार पणजी महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४०,००० माणसे राहत होती आणि लगतच्या वस्त्या धरल्यास हा आकडा १,१४,००० च्या वर जात होता. मुंबई किंवा कोचीच्या मानाने हे नगर लहान आहे. परंतु ते ज्या रीतीने निर्माण झाले ती रीत समजून घेतली, तर आज त्याच्यासमोर असलेल्या अडचणींचा उलगडा होतो आणि किनाऱ्यावरील इतर अनेक गावांनाही त्यातून काही बोध घेता येतो.

पणजी या नावाचा अर्थ ‘कधीही न बुडणारी भूमी’ असा काही लोक सांगतात. व्युत्पत्ती म्हणून तो खरा असो वा नसो, मूळ स्थळाकडे पाहता त्यात तथ्य आढळते. नगराच्या मध्यभागी आल्तिनोची टेकडी आहे. ती जांभा दगडाची आहे. बुडत नाही ती ही टेकडी. तिच्या तीन बाजूंस मात्र पाणी आहे. उत्तरेस मांडवी, पूर्वेस ओरेंची खाडी आणि पश्चिमेस सांतिनेजचा ओहोळ. टेकडी आणि पाणी यांमधील जो सखल पट्टा आहे, त्यावर आजची बाजारपेठ, कचेऱ्या, शाळा आणि बहुसंख्य घरे उभी आहेत. तो पट्टा एके काळी दलदल, नारळीच्या बागा आणि भरतीचे पाणी शिरणारी शेते यांनी व्यापलेला होता.

जांभा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा बाहेर पडते. मळ्यावरील फिनिक्स झरा आणि बोकदेव्हाकचा झरा ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. नळाचे पाणी येण्यापूर्वी नगराची तहान अशाच झऱ्यांनी आणि विहिरींनी भागविली. फोंताइन्यास या जुन्या वस्तीचे नावही पोर्तुगीज भाषेतील झऱ्यावरूनच पडलेले आहे.

पणजी हा मुळात ताळगावचा एक वाडा होता. ताळगावच्या गावकऱ्यांनी आणि मांडवी-जुवारीच्या काठावरील इतर गावांनी पाण्याकडून जमीन मिळविण्याची जी विद्या साध्य केली होती, तिचे नाव खाजन. खाडीकाठच्या सखल जमिनीभोवती माती, पेंढा आणि जांभ्याचे चिरे वापरून बांध घालावयाचा आणि त्या बांधात एका ठिकाणी ‘मानस’ बसवावयाची. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. ते उघडण्यास वा मिटण्यास माणूस लागत नाही. भरती आली की बाहेरील पाण्याच्या दाबाने दार मिटते आणि खारे पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी दाराला आतून रेटते, दार उघडते आणि जास्तीचे पाणी नदीस मिळते. येथील भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटरांचा असल्याने हे यंत्र दिवसातून दोन वेळा आपले काम बिनचूक करते. अशा जमिनीत कोरगुट नावाचे, थोडा खारटपणा सोसणारे भात पिकते. मानशीच्या तोंडाशी मिळणाऱ्या माशांचा लिलाव होई आणि ते उत्पन्न गावाला मिळे.

ही व्यवस्था ज्या संस्थेच्या हाती होती ती गावकरी, पोर्तुगीज अमदानीतील ‘कोमुनिदाद’. जमीन एकाची नसून गावाची असे. ती लिलावाने कसण्यास दिली जाई. उत्पन्नातून प्रथम बांधांची डागडुजी, देवस्थानाचा आणि गावाच्या इतर कामांचा खर्च भागविला जाई आणि उरलेला भाग गावकऱ्यांना ‘झोण’ म्हणून वाटला जाई. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बांध, नंतर वाटणी. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तरी साऱ्या गावाचे शेत खारावते आणि ते पुन्हा पिकाखाली येण्यास काही पावसाळे जावे लागतात, हे प्रत्येकास ठाऊक होते. त्यामुळे बांध राखणे हे परोपकाराचे काम नव्हते. ते प्रत्येकाच्या पोटापाण्याशी जोडलेले कर्तव्य होते.

नदीकाठी आदिलशाहाने वाडा बांधला, तेव्हा पणजी ही कोळ्यांची आणि बागायतदारांची छोटी वस्ती होती. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकल्यावर तो वाडा पोर्तुगीजांकडे आला. लिस्बनहून दीर्घ सागरप्रवास करून आलेली जहाजे याच मुखातून आत शिरत. टेकडीच्या उतारावर १५४१ मध्ये बांधलेले आणि १६१९ मध्ये पुन्हा उभारलेले आमोरी माउलीचे चर्च हे खलाशांना दुरून दिसणारे, सुखरूप पोहोचल्याची खूण पटविणारे स्थान होते. पुढे १६३३-३४ मध्ये लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्या या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी सेतुमार्ग दलदलीतून बांधण्यात आला. पाण्याला येण्याजाण्यास वाट राहावी म्हणून त्याला ठिकठिकाणी कमानी ठेवल्या होत्या. जवळजवळ चारशे वर्षांनंतरही त्यावरून रोज वाहने धावतात. दोन्ही बाजूंस मिठागरे होती. त्यांचा मोठा भाग आता पडीक आहे.

तरीही राजधानी पणजीस नव्हती. ती नदीच्या वरच्या अंगास, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तेथे होती. ते वैभवशाली शहर रोगराईने उजाड झाले. पटकी आणि हिवताप यांच्या साथी वारंवार येऊ लागल्या. दाट वस्ती, सांडपाणी मुरून दूषित झालेल्या विहिरी आणि साचलेले पाणी यांनी त्या शहराचा प्राण घेतला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविले. १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजीस ‘नोव्हा गोवा’ हे नाव आणि राजधानीचा दर्जा मिळाला. जुन्या गोव्यातील आगुस्तिनियन मठाची प्रचंड घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे. पाणी आणि मैला यांची व्यवस्था न लागल्यामुळे एक नगर बसले आणि त्याच्या बदली दुसरे उठले, ही गोष्ट पणजीच्या जन्माशीच जोडलेली आहे.

राजधानीला जागा हवी होती, आणि जागा होती ती दलदलीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाच्या एका गृहस्थाने टेकडी आणि ओरेंची खाडी यांमधील नारळीची ओलसर बाग भरून घेतली. त्याने मोझांबिकात पैसा मिळविला होता, म्हणून लोक त्यास ‘मोझ्मीकार’ म्हणत. याच जागेवर फोंताइन्यास वसले. १८२७ ते १८३५ या काळात सत्तेवर असलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयने हे काम नगराच्या प्रमाणावर केले. सखल भाग भरून काढले, सरळ रस्ते आखले, नदीकाठी लष्करी बराकीची लांबलचक इमारत उभी केली आणि कांपालचा पाणथळ भाग सपाट करून घेतला. त्याच्याच काळात, १८३२ मध्ये, सार्वजनिक ग्रंथालयाची स्थापना झाली. आजचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच होय. त्याची सध्याची इमारत पाटो येथे आहे आणि पाटोही दलदलीवर भराव घालून तयार केलेलाच भाग आहे.

या नव्या नगरात निरनिराळ्या वाटांनी माणसे आली. फोंताइन्यासमध्ये प्रामुख्याने ख्रिस्ती कुटुंबे राहिली. त्यांतील कित्येकजण सरकारी कचेऱ्यांत कारकून, शिक्षक, वैद्य वा नोटरी होते. तेथील अरुंद गल्ल्या, बाहेर झुकलेले सज्जे, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती पाहण्यास आज प्रवाशांची रीघ लागते. त्या रंगांमागे पाऊस आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या माऱ्याने भिंती काळवंडतात आणि शेवाळतात. म्हणून पावसाळा सरला की घराला पुन्हा रंग देणे आलेच. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले आढळतात. त्यांतून उजेड सौम्य होऊन आत येतो.

आदिलशाही वाड्यापासून जवळच म्हामय कामत घराण्याची वास्तू आहे. हे सारस्वत व्यापारी पोर्तुगीज सत्तेचे दलाल आणि मोठे सावकार होते. त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज, फ्रेंच, गुजराती, फारसी आणि मोडी लिपीतील मराठी कागदपत्रे सापडली आहेत. त्यांवरून या बंदराचा व्यवहार किती दूरवर पसरला होता आणि राज्यभाषा पोर्तुगीज असतानाही हिशेबाची नि पत्रव्यवहाराची मराठी कशी चालू होती हे स्पष्ट होते. १८१८ मध्ये श्रीमहालक्ष्मीच्या मंदिरास परवानगी मिळाली. पोर्तुगीज राजवटीने दीर्घ काळ हिंदू मंदिरांवर निर्बंध घातले होते. त्या दृष्टीने राजवटीच्या ऐन केंद्रात उभे राहिलेले हे देवालय पणजीकर हिंदूंच्या वाढलेल्या बळाचे द्योतक होते. त्याच वर्षी फोंताइन्यासमधील सां सेबास्तियांवचे चॅपेलही बांधले गेले. मळ्याच्या टेकडीवर मारुतीचे मंदिर आहे आणि त्याची जत्रा आजही सारे नगर साजरी करते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर नगराची वस्ती बदलली. नव्या शासनाच्या कचेऱ्या आल्या, महाराष्ट्र व कर्नाटकातून अधिकारी, शिक्षक, बँकेतील नोकर, गवंडी आणि मजूर आले. १९६२ मध्ये पणजीहून ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक निघू लागले. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन न होता वेगळा राहिला. ३० मे १९८७ रोजी त्यास घटक राज्याचा दर्जा मिळाला. भाषेविषयीचे वाद या नगराने तीव्रतेने अनुभवले. तथापि बाजारात एकाच दुकानी कोंकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी ऐकू येते आणि फोंताइन्यासच्या एखाद्या ओसरीवर वृद्ध मंडळी अद्याप पोर्तुगीजमध्येही बोलतात.

नदी ओलांडण्याचा प्रश्न मुक्तीपर्यंत होडी आणि फेरीबोट यांवरच अवलंबून होता. मुक्तीनंतर मांडवीवर नेहरू पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला आणि बार्देशातून येणाऱ्या नोकरदारांना, विद्यार्थ्यांना पुन्हा फेरीबोटीचा आश्रय घ्यावा लागला. १९९२ मध्ये नवा पूल झाला आणि २०१९ मध्ये तारांनी तोललेला तिसरा पूल वाहतुकीस खुला झाला. पणजी-बेती फेरीबोट मात्र थांबली नाही.

पणजीचे वर्ष पावसाच्या हिशेबाने चालते. मे महिन्यात सुके मासे, मिरच्या, कोकम, कांदे, डाळी यांची बेगमी करावयाची; तिला येथे ‘पुरुमेंत’ म्हणतात आणि तिच्यासाठी चर्चच्या आवारात फेस्ताची फेरी भरते. ऑगस्टमध्ये ताळगावात नव्या भाताची कणसे कापून कणसाचा सण होतो. गोकुळाष्टमीच्या सुमारास नदीकाठी अष्टमीची फेरी लागते आणि कापड, भांडी, लाकडी सामान घेण्यास दूरच्या गावांहून माणसे येतात. ८ डिसेंबरला आमोरी माउलीचे फेस्त, पुढे कार्निव्हाल आणि शिगमो. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर आणि करंझाळे-मिरामारच्या वाळूवर रांपण ओढणारे मच्छीमार हे याच नगराचे नागरिक आहेत.

आता अडचणींचा विचार करावयाचा. अलीकडच्या पावसाळ्यांत अठरा जून मार्ग, मळा, सांतिनेज या भागांत गुडघ्याइतके पाणी साचण्याचे प्रसंग वारंवार येतात. दुकानदार उंबऱ्याशी वाळूच्या पिशव्या रचतात. मळ्यातील गृहिणी आभाळ भरून आले की तांदळाचे डबे आणि मुलांची पुस्तके वरच्या फळीवर नेऊन ठेवतात. याचे कारण केवळ पाऊस नव्हे. पाऊस पूर्वीही एवढाच कोसळत होता. नगरातील गटारांचे पाणी अखेर नदीस किंवा खाडीस मिळते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर नदीची पातळी गटारांच्या तोंडाहून वर चढते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आतच थांबते. पूर्वी असे झाले की ते पाणी सहा तास ताळगावच्या खाजनात, सांतिनेजच्या ओहोळात आणि ओरेंच्या काठावरील खारफुटीत विसावत असे आणि ओहोटीबरोबर मानशीतून निघून जाई. या विसाव्याच्या जागाच आता कमी झाल्या आहेत.

त्या का कमी झाल्या, हेही पाहिले पाहिजे. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला. तो न्याय्यच होता. परंतु गावकरीच्या हातचे उत्पन्न आणि अधिकार गेल्यावर बांध सांभाळण्याचे काम ज्या कूळसंघांकडे आले, त्यांपैकी अनेकांना ते पेलले नाही. तरुण माणसे शेती सोडून नोकरीकडे वळली. बांध फुटले, काही शेते खारावली. पडीक जमिनीवर भराव पडला आणि भरावावर इमारती उठल्या. ज्या सांतिनेजच्या ओहोळातून एके काळी होड्या जात, तो सांडपाणी आणि कचरा यांनी गुदमरला. त्याच्या स्वच्छतेच्या योजना अनेकदा हाती घेण्यात आल्या. पण वरून येणारी घाण थांबविल्याखेरीज नुसता गाळ काढून ओहोळ जिवंत होत नाही.

यात समुद्राची भर पडत आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलीमीटर या वेगाने वाढत होती. १९९३ ते २०१७ या काळात तो वेग वर्षाला ३.३ मिलीमीटर झाला. आकडा लहान दिसतो. परंतु जेथे सारा निचरा दोन मीटरांच्या भरती-ओहोटीवर अवलंबून आहे, तेथे काही सेंटिमीटरांनीही गटाराचे तोंड पाण्याखाली राहण्याचा अवधी वाढतो. दुसरीकडे गोड्या पाण्याची चिंता आहे. पणजीस नळाचे पाणी खांडेपार नदीवरील ओपा येथून येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, सर्वत्र पाऊस कोसळत असताना, खांडेपारनजीक जमीन खचून मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि पणजीकरांना अनेक दिवस टँकरच्या रांगेत उभे राहावे लागले. तेव्हा दुर्लक्षित विहिरींची आठवण पुष्कळांना झाली. म्हादईच्या पाणीवाटपाविषयी २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिल्यावरही गोवा आणि कर्नाटक यांतील वाद शमला नाही, त्याचेही कारण हेच की, नदीत वरून येणारे गोडे पाणी घटले तर खाली समुद्राचे खारे पाणी अधिक आत सरकते.

२०१६ मध्ये पणजीची ‘स्मार्ट सिटी’ योजनेत निवड झाली. त्यानंतर रस्ते खोदून नव्या मलवाहिन्या आणि गटारे घालण्यात आली आणि नागरिकांनी त्यापायी धूळ, चिखल नि खोळंबा पुष्कळ सोसला. गटार रुंद असणे आवश्यकच आहे. परंतु ते ज्या ओहोळास मिळते तो मोकळा नसेल आणि भरतीचे पाणी अडविणारे दार त्याच्या तोंडाशी नसेल, तर रुंद गटारातून नदीच घरात येते. म्हणून सांतिनेज आणि ओरें या दोन्ही प्रवाहांचे पात्र मोकळे राखणे, काठची खारफुटी न तोडणे, ताळगाव आणि मेरशीच्या बाजूस उरलेल्या खाजनांवर यापुढे भराव न घालणे आणि झरे-विहिरी वापरात ठेवणे ही कामे रस्त्यांइतकीच निकडीची ठरतात.

यांत नवीन असे काही नाही. ताळगावच्या गावकऱ्यास हे सारे माहीत होते. फरक एवढाच की, पावसाळ्यापूर्वी बांधावर जाऊन भगदाड पाहून येणारा माणूस त्याच बांधामागे आपले भात पिकवीत होता. आज भरावावरील तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पणजीकराला आपली जमीन बांधाने राखलेली आहे याची जाणीवही नसते. मळ्याच्या घरात पाणी शिरते तेव्हा ती उणीव दिसून येते. फोंताइन्यासमधील रहिवासी दर वर्षी पावसाळ्यानंतर भिंतीला रंग देतो, कारण तो न दिल्यास भिंत टिकणार नाही हे त्यास समजते. तीच नियमितता ओहोळ, बांध आणि मानस यांच्या बाबतीत महापालिकेने, शासनाने आणि नागरिकांनी मिळून दर वर्षी, मे महिना उलटण्यापूर्वी, पाळली, तर पुरुमेंताचे सामान भरलेल्या घरात जुलैचे पाणी शिरण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टळू शकेल.